मापाचा पट्टा

ते माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी मनगटाकडे बघत. दुकानाच्या फळीपुढे कोणी येऊन उभे राहिले की मान वर न करता म्हणत, "हात द्या." गिऱ्हाईक घड्याळ काढायला लागले की अडवत. "काढू नका. घातलेलं बघू द्या पहिले. पट्टा बघितला की माणूस कळतो."

मलाही त्यांनी असेच ओळखले. मी तेव्हा तिशीच्या आतबाहेर होतो, बुऱ्हाणपुरातल्या एका सरकारी कचेरीत आकडे जुळवण्याच्या टेबलावर. सासऱ्यांनी लग्नात दिलेले घड्याळ मागे पडायला लागले म्हणून इतवारा बाजारातल्या त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात गेलो. वैद्याने नाडी धरावी तसे त्यांनी माझे मनगट धरले.

"लिहिण्याचं काम आहे. डाव्या हातानं कागद दाबून धरता, पट्टा एकाच बाजूनं घासला आहे. आणि रोज त्याच भोकात अडकवता. कधी एक भोक सैल नाही. बाबूजी, सुट्टीच्या दिवशीपण कचेरीतच असता का?"

फळीपुढे उभे असलेले दोघे हसले. मला राग आला, कारण सगळे खरे होते.

अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. आपल्या धंद्याच्या खिडकीतून सगळे जग बघणारी. चांभार पायांवरून, शिंपी खांद्यांवरून आणि हे पट्ट्यावरून. त्यांचे नाव मी इथे लिहीत नाही. त्यांच्याबद्दल एकदा मी कागदावर खरे लिहिले आहे. त्याचे काय झाले ते पुढे येईलच.

दुकान म्हणजे दोन खणांची जागा. पुढे काचेची पेटी, मागे सुपारीच्या रंगाचा पडदा आणि पडद्यामागे त्यांचे घर. भिंतीवर ओळीने खिळे, प्रत्येक खिळ्याला एक घड्याळ आणि त्याला दोऱ्याने बांधलेली नावाची चिठ्ठी. घड्याळ हातात आले की ते उघडायच्या आधी कानाला लावत आणि डोळे मिटत. गिऱ्हाईक तक्रार सांगायला लागले की हात वर करून म्हणत, "तुमचं नंतर. याचं ऐकू द्या पहिले."

पहिल्या दुरुस्तीनंतर पंधरा दिवसांनी त्यांनी मला विचारले, "कसं चाललंय?"

"दिवसाला अकरा सेकंद पुढे जाते," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली. माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिले ते तेव्हा पहिल्यांदा. "मोजलं?"

"चौदा दिवस. रेडिओवर बातम्यांच्या आधी ठोके वाजतात, त्याला लावून."

"घरी कोणी काही म्हणत नाही तुम्हाला?"

"म्हणते ना," मी म्हणालो.

ते खूप हसले. घड्याळ परत ठेवून घेतले आणि चार दिवसांनी दिले तेव्हा ते दिवसाला चार सेकंद पुढे जात होते. मी तसे सांगितल्यावर म्हणाले, "चार राहू द्या. माणसानं थोडं पुढं असावं." तेव्हापासून आमची मैत्री झाली. दोघांनाही दुसरे छंद नव्हते.

त्या काळी आमच्या टॉकीजमध्ये रविवारी सकाळी इंग्रजी चित्रपट लागत. इंग्रजी समजणारे दहासुद्धा नसत, पण मारामारीला भाषा लागत नाही, त्यामुळे गर्दी असे. ते कधी टॉकीजकडे फिरकत नसत. एकदा कॉलेजातल्या कोणी त्यांना सांगितले की एका विलायती हेराचा चित्रपट आला आहे आणि तो हेर घड्याळ घालून पाण्यात उतरतो. त्यांचा विश्वास बसला नाही. शनिवारी त्यांनी मला फर्मान काढले, "बाबूजी, तुम्हाला इंग्रजी येतं. उद्या चला."

इंग्रजीची गरज पडली नाही. त्यांनी बसायला तिसरी रांग निवडली, मान दुखेल इतक्या जवळची. हेर सुंदर बायकांशी बोलत होता तोपर्यंत ते छताचे पंखे बघत होते. मग एका प्रसंगात हेर काळोखात लायटर पेटवतो आणि कोटाची बाही मागे सारून वेळ बघतो. पडदाभर ते मनगट आणि ते घड्याळ आले, बैलगाडीच्या चाकाएवढे. माझ्या शेजारी ते उभेच राहिले.

"पट्टा! बाबूजी, पट्टा पाहा! लहान आहे!"

मागून कोणी ओरडले, "काका, बैठ जाओ!" तोपर्यंत ते दृश्य गेलेही होते.

बाहेर आम्ही चहा घेतला. मला काहीच दिसले नव्हते. त्यांनी बशीत बोट बुडवून टेबलावर चित्र काढले. घड्याळाच्या ज्या दोन शिंगांमध्ये पट्टा अडकतो त्यांच्यात अंतर वीस, आणि पट्टा फार तर सोळा. दोन्ही बाजूंना नुसती पिन दिसत होती, उघडी. आमचे गाव तेव्हा शेर आणि गज सोडून किलो आणि मीटर शिकत होते. नवा प्रांत झाला, नवे पैसे आले, नवी मापे आली आणि बाजारात रोज भांडणे होत. हे मात्र पहिल्यापासून मिलिमीटरमध्येच बोलत.

"एवढा मोठा हेर," ते म्हणाले, "कपडे बघा कसे मापाचे. बूट मापाचे. आणि पट्टा असा? घड्याळ त्याचं नव्हे बाबूजी. कोणी तरी ऐन वेळी हातात दिलं. ज्यानं पट्टा लावला त्यानं माप घेतलंच नाही. आपल्या माणसाचं घड्याळ असतं तर असा लावला नसता."

मग कप खाली ठेवून म्हणाले, "जन्मभर एवढुशी घड्याळं पाहिली. माणसापेक्षा मोठं आज पाहिलं."

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मलाही दिसले, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना उघडी पिन. मी सेकंद मोजले. ते दृश्य बरोबर चार सेकंदांचे होते. तिसऱ्या रांगेतून, चार सेकंदांत, बाई आणि बंदूक सोडून पट्टा बघणारा सगळ्या हिंदुस्थानात हा एकच माणूस असेल असे मला वाटले, आणि त्याचा मला अभिमान वाटला.

त्या हेराचा पट्टा धारीधारीचा, म्हणजे रंगीत रेघांचा, कापडी होता. चित्रपट उतरल्यावर पोरे तसा पट्टा मागायला आली. आमच्या गावात मागांची खडखड बाराही महिने चालते. त्यांनी एका मागवाल्याकडून धारीची नाडी विणून घेतली आणि तिचे पट्टे केले. उत्तम झाले. एक जण मात्र हट्टाला पेटला.

"काका, हा रुंद झाला. हीरोसारखा द्या ना."

"हीरोचा चुकलेला आहे."

"चुकलेलाच द्या. सगळे तसाच पाहून राहिले."

"दुसरीकडे घे बाबा," ते म्हणाले. "चुकीचं माप या दुकानातून जाणार नाही."

पाचेक वर्षे अशी गेली. आमच्या कचेरीत भिंतीवरची अकरा घड्याळे होती. दर सोमवारी सकाळी येऊन त्यांना चावी देणे आणि वेळ लावणे हे काम त्यांच्याकडे बांधून दिलेले होते. ते काम फार मोठे नव्हते, पण सोमवारी ते कचेरीच्या पायऱ्या चढताना सगळा बाजार बघे. सरकारची घड्याळे ज्याच्या हातात, त्याच्याकडे आपले घड्याळ द्यायला कोणाला शंका येत नसे.

त्या काळात त्यांच्यात थोडे बदल झाले. मी ते पाहिले, पण त्यांची बेरीज केली नाही. मनगट हातात धरून ते आता डोळे मिटत आणि अंगठ्याने पट्टा चाचपत. कचेरीत घड्याळ लावताना मला हाक मारत, "बाबूजी, तुमचं किती झालं?" आणि मी सांगितलेली वेळ काट्यांवर बोट ठेवून लावत. मला वाटे, माझ्या घड्याळाचा मान ठेवतात.

मग तोच चित्रपट पुन्हा आला. पोस्टर फाटके, प्रिंट जुनी. त्यांनी मला दोन वेळा आठवण करून दिली. आम्ही तिसऱ्या रांगेतच बसलो. पडद्यावर सारखा पाऊस पडल्यासारखे ओरखडे दिसत होते. तो प्रसंग जवळ आला, तसे संगीत सुरू झाले, आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"आला. पाहा, पाहा. पट्टा! दिसला ना? तोच लहान पट्टा!"

पडद्यावर तेव्हा एक दरवाजा होता. हेर लायटर खिशातून काढतो आणि एकदम झटका बसून दरवाजा उघडतो. मनगट आलेच नाही. घड्याळ आलेच नाही.

 खात्री केल्याशिवाय बोलायचे नाही हा माझा स्वभाव. चित्रपट सुटल्यावर त्यांना घरापर्यंत सोडले आणि परत येऊन टॉकीजच्या ऑपरेटरला गाठले.

"वो घडीवाला टुकड़ा?" तो म्हणाला. "वो तो कब का कट गया, बाबूजी. प्रिंट घिस गई है. हमारे पास आई तब भी नहीं था."

चार सेकंद म्हणजे शहाण्णव चौकटी, फिल्मची सहा फूट लांबी. हे त्यानेच मला सांगितले. मी घरी आलो, पण जेवण गेले नाही. जे नव्हते ते त्यांना दिसले होते. म्हणजे त्यांना काहीच दिसत नव्हते.

पण मग हिशेब जुळेना. माझे घड्याळ दोनच महिन्यांपूर्वी त्यांच्याकडून साफ होऊन आले होते आणि दिवसाला दोन सेकंद पुढे जात होते. इतके ते कधीच बरोबर नव्हते. कचेरीतली अकराही घड्याळे आठवड्यात एका मिनिटाच्या आत होती; सोमवारच्या सगळ्या नोंदी माझ्याजवळ होत्या. डोळे नसलेला माणूस केसापेक्षा बारीक कमान कशी बसवील?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी दुकानात गेलो. फळीवर कोणी नव्हते. मी हाक न मारता पडदा बाजूला केला. हे करायला नको होते.

खिडकीखालच्या पाटावर त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. डोळ्याला भिंग लावलेले, हातात चिमटा. शेजारी ते बसले होते, एक घड्याळ कानाशी धरून. "दुसऱ्या चाकाचा दात," ते सांगत होते. "खालून तिसरा. बघ, वाकला असेल." आणि त्या म्हणाल्या, "आहे. वाकलाय."

मला पाहून वहिनींच्या हातातला चिमटा थांबला. त्यांनी आधी डोक्यावरचा पदर सारखा केला, मग भिंग काढले.

"कोण आहे?" घड्याळ कानाशी तसेच धरून त्यांनी विचारले.

"मी आहे," मी म्हणालो. "काल त्या चित्रपटात घड्याळ नव्हते. तो तुकडा कापलेला आहे. मी ऑपरेटरला विचारून आलो."

आता वाटते, किती सरळ बोललो. पण मला दुसरे बोलता येत नाही.

त्यांनी घड्याळ खाली ठेवले. मग त्यांचा चेहरा उजळला, खरोखर उजळला. "नव्हतंच? म्हणजे मला दिसलं नाही ते फिल्म तुटली म्हणून? ऐकलं का? मी म्हटलं, एवढं मोठं घड्याळ, चाकाएवढं, तेवढं तरी दिसेल. ते नाही दिसलं तेव्हा म्हटलं, संपलं. बाबूजींना उगीच म्हटलं, दिसलं दिसलं. आणि ते नव्हतंच!"

"मग दरवाजा दिसला का?" मी विचारले.

"कोणता दरवाजा?"

वहिनी मला म्हणाल्या, "पुरे करा, भाऊजी."

 मग ते स्वतःच सगळे सांगू लागले. नजर जाऊन तीन वर्षे झाली होती. खंडव्याच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. ते ऐकून दोष सांगत आणि वहिनी हाताने करत. पहिल्या वर्षी चार कमानी मोडल्या, त्यानंतर एकही नाही. वहिनींचा हात आपल्यापेक्षा हलका आहे, असे ते म्हणाले. पट्टे मात्र अजून ते स्वतःच लावत. त्यांनी दोन पट्टे माझ्यापुढे धरले आणि बोटाने नुसता स्पर्श करून म्हणाले, "हा अठरा. हा सतरा." मी पट्टी मागून घेऊन मोजले. बरोबर होते.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही घरचे म्हणून सांगते. आंधळा आणि बाई मिळून घड्याळ करतात हे बाहेर गेलं, तर एक माणूस फळीपुढं उभा राहणार नाही. दुकान गेलं समजा."

"माझ्या तोंडून जाणार नाही," मी म्हणालो.

तोंडून गेले नाही.

त्याच वर्षी कचेरीने बांधून दिलेल्या कामांसाठी नवे छापील फॉर्म आले. जुन्या प्रांतात आमच्याकडे हिंदी आणि मराठी दोन्ही चालत. आता सगळे हिंदीत होते आणि प्रत्येक गोष्टीला रकाना होता. घड्याळांच्या फॉर्मवर एक ओळ होती, "कारीगर की दृष्टि: ठीक है / ठीक नहीं है." जे लागू नसेल ते खोडायचे आणि खाली तपासणाऱ्याची सही. तपासणारा मी.

सोमवारी ते आले तेव्हा म्हणाले, "फॉर्म आलाय म्हणतात."

"आलाय."

"बरं," ते म्हणाले, आणि पुढच्या घड्याळाकडे गेले. याहून एक शब्द त्यांनी जास्त मागितला नाही.

तो फॉर्म तीन दिवस माझ्या टेबलावर होता. मी कचेरीची पेन्सिल कधी घरी नेली नाही. सही करून खोटे लिहिणे मला शक्य नव्हते. शेवटी मी मार्ग काढला आणि तो मला फार चांगला वाटला. मी "ठीक है" खोडले, सही केली आणि पुढे लिहिले, "जोडपत्र पाहावे." आणि जोडपत्र तयार केले. अकरा घड्याळे, बावन्न सोमवार, प्रत्येकाचा फरक सेकंदांत. माझ्या मनगटावरच्या घड्याळाची नोंद वेगळी. शेवटी लिहिले की कारागिराची नजर गेली असली तरी पत्नीच्या मदतीने होणारे काम पूर्वीपेक्षा अचूक आहे, आकडे सोबत आहेत, आणि काम यांच्याकडेच राहावे अशी माझी स्पष्ट शिफारस आहे. इतका चोख कागद मी नोकरीत दुसरा केला नाही.

तो मी मराठीत लिहिला. हिंदीत मी अर्ज आणि उत्तरे लिहीत असे, पण माणसाबद्दल लिहायचे म्हटले की हात मराठीत जाई. आमच्या साहेबांना मराठी येत होती. फक्त ते साहेब आठवड्यापूर्वीच बदलून गेले होते. त्यांच्या निरोपाला भाषण मीच केले होते. आणि तरी लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे तेच होते.

नवे साहेब उत्तरेकडचे. दहा दिवसांनी आदेश निघाला. काम काढून घेतले. मी आत गेलो.

"आपने ही तो लिखा है कि आँख ठीक नहीं," ते म्हणाले. स्वभावाने वाईट नव्हते.

"साहब, साथ में कागज था. आकडे थे."

"वो मराठीवाला? फाइल में लगा दिया है." त्यांनी फाइल उघडून दाखवली. कागद बरोबर जागी लावलेला होता, छिद्रे पाडून, दोऱ्यात ओवून.

आदेश घेऊन गेलेल्या शिपायाने वाटेत चार ठिकाणी सांगितले. आठ दिवसांत इतवाऱ्यात सगळ्यांना माहीत झाले. लोक घड्याळे परत न्यायला येऊ लागले. कोणी खरे कारण सांगत नसे. कोणाच्या घरी लग्न निघाले, कोणाला गावाला जायचे होते. एक जण मात्र फळीपुढे उभा राहून त्यांच्या तोंडासमोर बोटे नाचवून म्हणाला, "काका, कितनी हैं?" त्यांनी शांतपणे उत्तर दिले, "तुझ्या घड्याळाच्या काचेला तडे आहेत तेवढी. एक जास्त असेल." लोक हसले, पण त्या माणसाने घड्याळ नेलेच.

मी घरी पत्नीला सगळे सांगितले. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "ती ओळ रिकामी सोडली असती तर?"

"रिकामी ओळ ठेवता येत नाही," मी म्हणालो.

"ठेवून पाहिली होती का कधी?"

मी ठेवून पाहिली नव्हती.

भिंतीवरचे खिळे मोकळे होत गेले. सुरुवातीला एकतीस घड्याळे होती. मग एकोणीस, मग सात. सातवर आल्यावर मी माझे घड्याळ घेऊन गेलो. त्याला काही झाले नव्हते.

"साफ करायचे आहे," मी म्हणालो.

त्यांनी ते कानाला लावले. खूप वेळ ऐकले. "हे तर चांगलं चाललंय, बाबूजी."

"तरी करा."

त्यांनी घड्याळ एका मोकळ्या खिळ्याला अडकवले. मला वाटत होते, त्यांनी दोन शिव्या द्याव्यात. मीच म्हणालो, "मी सगळे खरे लिहिले होते. वहिनींचे काम, सगळे आकडे. त्यांनी वाचलेच नाही."

"तुमचा हिशेब बरोबरच असणार," ते म्हणाले. "त्यात मी कधी शंका घेतली का?"

पडद्यामागे चिमट्याचा आवाज थांबला होता. वहिनी बाहेर आल्या नाहीत. त्या दिवसानंतर त्यांनी मला भाऊजी म्हटले नाही, काहीच म्हटले नाही.

महिन्याभरात त्यांनी दुकान सोडले. वहिनींचे माहेर फोपनारचे. भावाने केळीच्या मळ्यात दोन खोल्या दिल्या होत्या. सामान फार नव्हते. एका बैलगाडीत मावले. मी पोहोचलो तेव्हा ते गाडीत पुढे बसले होते. त्यांनी माझी पावले ओळखली असावीत.

"हात द्या," ते म्हणाले.

मी हात पुढे केला. त्यांनी खिशातून माझे घड्याळ काढून स्वतः माझ्या मनगटावर बांधले. नेहमीच्या भोकात. "साफ केलंय तिनं. पट्टा नवा आहे, धारीचा. पट्टा मी लावलाय. माझ्या हातानं."

मी काही तरी बोललो. आठवत नाही. गाडी निघाली.

घरी येऊन रेडिओला लावण्यासाठी घड्याळ उजेडात धरले, तेव्हा दिसले. पट्टा अरुंद होता. मी मोजले. शिंगांमधले अंतर अठरा, पट्टा सोळा. दोन्ही बाजूंना एक एक मिलिमीटर पिन उघडी, त्या हेराच्या घड्याळासारखी.

पहिल्यांदा वाटले, चूक झाली. डोळे नाहीत, घाईची वेळ. मग आठवले, ज्या बोटांनी माझ्यापुढे अठरा आणि सतरा वेगळे केले होते ती हीच बोटे. मी पट्टा उलटसुलट करून पुष्कळदा पाहिला. याचा हिशेब मला आजपर्यंत लागलेला नाही, किंवा लागला आहे आणि मी तो लिहीत नाही.

पुढच्या वर्षी मी फोपनारला गेलो. मळ्यातल्या त्या खोल्यांमध्ये केळीचे घड रचलेले होते. भावाने सांगितले, दाजी पावसाळ्यात गेले. बहीण तुकईथडकडे, तिच्या नणंदेकडे असते आणि बाजाराच्या दिवशी घड्याळे दुरुस्त करते. तिच्याकडे लांबून लोक येतात. मी तिथपर्यंत गेलो नाही. माझ्या मनगटाकडे वहिनींनी पाहिले असते.

आता माझी पन्नाशी उलटली. घड्याळ दिवसाला नऊ सेकंद मागे पडते आहे. गेल्या महिन्यात इतवाऱ्यातल्या एका नव्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदार चांगला माणूस वाटला. त्याने घड्याळ हातात घेतले, चष्मा वर सरकवला आणि म्हणाला, "बाबूजी, मशीन तर एकदम फर्स्ट क्लास आहे. पण हा पट्टा कोणी लावला? माप चुकलंय. बदलून देऊ का?"

"नको," मी म्हणालो. "मापानेच लावलेला आहे."

आणि घड्याळ तसेच बांधून, नेहमीच्या भोकात अडकवून, घरी आलो.